लीफलेट की मॅपलिब्रे? नकाशा अडला की काय होतं ते बघून ठरवा

साइटवर नकाशा टाकायचा तर लीफलेट घ्यायचं की मॅपलिब्रे (दोन्ही वेबपानावर नकाशा दाखवणाऱ्या जावास्क्रिप्ट लायब्ररी), ही चर्चा बहुतेक वेळा दिसणं आणि वेग यांच्यापाशीच थांबते. मी आधी विचारतो, नकाशा अडला तर तो दुरुस्त करायला कोण बसणार?

लीफलेट 2011 पासून आहे. त्याचे मार्कर, म्हणजे ठिकाण दाखवणाऱ्या पिना, हे पानावरचे साधे एचटीएमएल घटक. पिन दिसेना? ब्राउझरमध्ये राइट-क्लिक करून इन्स्पेक्ट करा, आयकॉनची फाइल 404 देतेय (म्हणजे सापडतच नाही) की पिन भलतीकडेच गेलीय, लगेच कळतं. दुखणीही ठरलेली. नकाशाच्या डिव्हला (पानावरच्या चौकटीला) उंची दिली नाही की जागा कोरी, आणि ब्राउझरच्या कन्सोलमध्ये एकही एरर नाही. लीफलेटची सीएसएस (मांडणीची फाइल) जोडायची राहिली की टाइल्स, म्हणजे नकाशाचे चौकोनी तुकडे, पानभर विस्कटतात. पानावरच्या झाकलेल्या टॅबमधला नकाशा उघडल्यावर अर्धवट दिसला, तर टॅब उघडून झाल्यावर इनव्हॅलिडेट-साइझ हे लीफलेटचं फंक्शन चालवा, ते नकाशाचा आकार पुन्हा मोजतं.

मॅपलिब्रेचा जन्म मॅपबॉक्स या नकाशा-कंपनीने 2020 च्या डिसेंबरात आपल्या लायब्ररीचा परवाना बदलल्यावर, तिच्या आधीच्या मुक्त कोडमधून झाला. मॅपलिब्रे सगळे लेयर (नकाशावरचे माहितीचे थर) वेबजीएलने, म्हणजे ब्राउझरच्या ग्राफिक्स तंत्राने, एकाच कॅनव्हासवर चित्रासारखे रंगवतं, त्यामुळे इन्स्पेक्टमध्ये हात घालायला काही मिळत नाही. लोड इव्हेंटची (नकाशा तयार झाल्याच्या सूचनेची) वाट न बघता लेयर जोडला की ‘स्टाइल इज नॉट डन लोडिंग’ ही एरर. डार्क मोडसाठी स्टाइल (नकाशाचं रूप ठरवणारी फाइल) बदलली की तुम्ही जोडलेले लेयर गायब. ते पुन्हा जोडावे लागतात. आणि वेबजीएल बंद असलेल्या मशीनवर नकाशा उघडतच नाही.

अक्षांश-रेखांशाची अदलाबदल मात्र दोन्हीकडे छळते. लीफलेटला अक्षांश आधी लागतो. मॅपलिब्रेला, जिओजेसन या नकाशा-माहितीच्या फाइल-प्रकारासारखाच, रेखांश आधी. पुण्याचे 18.52 आणि 73.85 उलटे पडले की पिन थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात, तीही विनातक्रार. गुवाहाटीचा रेखांश 91 च्या पुढे, म्हणून तिथे मॅपलिब्रे अक्षांश चुकीचा असल्याची एरर देतं. लीफलेट गुपचूप पिन नकाशाच्या वरच्या कडेला चिकटवतं.

शे-दोनशे ठिकाणं आणि सांभाळणारा एकटा माणूस असेल, तर डोळे झाकून लीफलेट. बिंदू हजारोंनी असतील किंवा नकाशा फिरवायचा, तिरका करायचा असेल, तर मॅपलिब्रे बरं. लीफलेटमध्येही वर्तुळं कॅनव्हासवर काढून वेग वाढवता येतो, पण मग इन्स्पेक्टची सोय तिथेही जाते.