स्क्रीनवर टिकली: नव्या गाडीचे आठ महिने

वाई ते पाचगणी, शाळेच्या दिवसांत रोज जाऊन-येऊन. म्हणजे पसरणी घाट दिवसातून दोनदा. जुनी गाडी १३ वर्षं वापरली, गेल्या वर्षी नवी घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण हल्ली सगळ्यांचंच असं आहे. इंजिन छान, ब्रेक छान, सीटमुळे कंबर वाचली. तक्रार फक्त मधल्या सव्वादहा इंची स्क्रीनची.

शोरूममधल्या मुलाने कौतुकाने दाखवली होती. “मॅडम, बटणांचा जमाना गेला.” मलाही आवडली. आवडणारच, गाडी उभी होती, एसी चालू होता आणि समोर चकचकीत फरशी होती!

जुलैत कळलं. दत्तमंदिराच्या वरच्या वळणांवर ढग खाली उतरतो आणि काच आतून धुरकटते. जुन्या गाडीत तिसरा खटका उजवीकडे शेवटपर्यंत फिरवायचा, बस. कट्-कट्-कट् असा बोटाला कळायचा, बघावं लागायचं नाही. नव्या गाडीत आधी स्क्रीनच्या खालच्या पट्टीतल्या पंख्याच्या चित्रावर बोट टेकवायचं, मग नवं पान उघडतं, त्यात काचेचं चित्र शोधायचं. तेवढ्यात घरून फोन आला तर पानच झाकलं जातं. ताशी ४० ने चढत असलं तरी दोन सेकंदांत गाडी २२ मीटर पुढे गेलेली असते, आणि समोरून महाबळेश्वरची एसटी.

बोलून सांगायची सोय आहे म्हणे. मी “डीफॉग”, म्हणजे काचेवरची वाफ घालव, असं म्हटलं, गाडीने दीपकभावजींना फोन लावला. त्यांना वाटलं काही अडचण आहे. होतीच, पण त्यांना कशी सांगणार?

हे माझ्या वयाचं रडगाणं नाही. २०२२ मध्ये ‘वी बिलेगारे’ या स्वीडिश मासिकाने ताशी ११० च्या वेगात गाड्या चालवून पाहिल्या. रेडिओ लावणं, एसी बदलणं अशी ठरावीक कामं करायची. २००५ च्या बटणवाल्या व्होल्वोत ती १० सेकंदांत, ३०६ मीटरमध्ये झाली. स्क्रीनवाल्या गाड्यांतल्या सगळ्यात मागे पडलेलीला ४४.९ सेकंद लागले, अंतर १,३७२ मीटर. तेवढ्यात आमच्या घाटात किती वळणं येतात, ते चालवणाऱ्याला विचारा.

गाड्यांच्या सुरक्षिततेला तारे देणाऱ्या युरोपातल्या ‘युरो एनकॅप’ संस्थेने आता जानेवारी २०२६ पासून पाच तारे हवे असतील तर इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वायपर आणि आणीबाणीचा कॉल यांना खरं बटण किंवा दांडी हवी असं धरलंय. चांगलंय. पण काचेवरची आतली वाफ घालवायचं बटण त्या पाचात नाही! ज्यांनी यादी केली त्यांनी पावसाळ्यात पसरणी चढलेली दिसत नाही.

बाकी स्टिअरिंगवरचे आवाजाचे बटण अंगठ्याला सापडतं, दांड्या जागच्या जागी आहेत, आणि मागचा कॅमेरा बाजारात गाडी लावताना लाख मोलाचा. म्हणून पाचापैकी तीन तारे.

मी उपाय केलाय. स्क्रीनच्या खालच्या चौकटीवर, पंख्याच्या चित्राच्या बरोबर खाली, खड्याची टिकली चिकटवलीय. एक वरच्या उजव्या कडेला, काचेच्या चित्राच्या सरळ रेषेत. बोट आधी टिकलीवर टेकवायचं, मग जरा सरकवायचं. पहिल्या आठवड्यात चुकलं, आता नजर रस्त्यावरच असते. मुलगी हसली. भावजींनी मात्र आपल्या गाडीला दोन मागून नेल्या.

सर्व्हिसिंगला गाडी दिली तेव्हा पोरांनी दोन्ही टिकल्या खरवडून काढल्या, काच चकचकीत पुसून दिली. वर म्हणाले, “मॅडम, कुणीतरी कचरा चिकटवला होता.” आता पाकीटच डॅशबोर्डच्या खणात ठेवलंय.