हाताने घडवलेल्या लाकडी स्की: गुलमर्गचे १९ दिवस, बडोद्याचे दहा महिने

आधी माप आणि किंमत. लांबी १७८ सेंमी, कमरेपाशी, म्हणजे मधल्या अरुंद भागात, रुंदी १०० मिमी. गाभा पोप्लर आणि ॲश या लाकडांच्या उभ्या पट्ट्यांचा, त्याच्या वर-खाली फायबरग्लास, बाजूच्या भिंती लाकडीच आणि वरून अक्रोडाचं विनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा. धातूचा पत्रा कुठेही नाही. युरोपातल्या एका छोट्या कार्यशाळेत हाताने घडवलेली ही जोडी बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारा सांगाडा) सोडून पावणेदोन लाखांना पडली. वाहतूक आणि कस्टम वेगळं. १९ दिवस गुलमर्गला वापरली, मग बडोद्याचा वैशाख आणि पूर्ण पावसाळा काढला. इथे राहणाऱ्यासाठी हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे, कारण लाकडाचं जे काही बरंवाईट व्हायचं ते घरीच होतं.

खोकं आल्यावर बाइंडिंग बसवायची घाई करू नका. एकदा भोकं पडली की स्की परत जात नाही, म्हणून त्याआधी एक संध्याकाळ तपासणीला द्या. पहिलं वजन. आमच्या जोडीचं भरलं १,८९० आणि १,९२५ ग्रॅम. लाकूड म्हटलं की एवढा फरक येतोच, पायाला तो जाणवत नाही. मग दोन्हीचे तळ एकमेकांना लावून उभ्या धरा. टोकाशी आणि शेपटाशी त्या टेकल्या पाहिजेत आणि मध्ये कमानीची फट दिसली पाहिजे. इथे ती ११ मिमी होती. हाताने दाबल्यावर फट दोन्ही बाजूंनी सारखी मिटली, तर कमान जुळलेली आहे. पीळ पाहायला स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा उत्तम. त्यावर एकेक स्की ठेवा, टोकाचे दोन आणि शेपटाचे दोन असे चारही टेकू एकदम टेकले पाहिजेत. एक कोपरा टकटक वाजला तर ती जोडी ठेवूच नका.

लवचीकपणा मोजल्याशिवाय मात्र पुढे जाऊ नका. दोन स्टुलं १५० सेंमी अंतरावर ठेवून त्यावर स्की आडवी ठेवा, जमिनीपासून मध्याची उंची घ्या, मध्यावर पिठाची १० किलोची पिशवी ठेवून पुन्हा घ्या. एक स्की ४६ मिमी वाकली, दुसरी ४७. हाताने घडवलेल्या मालाचे पैसे आपण खरं तर या एका मिलिमीटरसाठी मोजतो. लाकडाच्या पट्ट्या निवडताना दोन स्कींसाठी सारख्या वजनाच्या आणि सारख्या रेषेच्या घ्याव्या लागतात, आणि ते काम डोळ्याने आणि हातानेच होतं. हा फरक चार-पाच मिलिमीटरचा असता, तर डावं वळण आणि उजवं वळण कायम वेगळं लागलं असतं.

खोट तळात निघाली. स्टीलची सरळ पट्टी तळावर आडवी धरून मागून बॅटरीचा उजेड टाकला, तर एका स्कीला टोकापासून मागे साधारण वीस सेंमीपर्यंत मधोमध उजेड झिरपत होता. म्हणजे तिथे तळाच्या पोलादी कडा उंच आणि तळ खोलगट. अशी स्की बर्फात कड रोवून बसते, वळण सोडायलाच तयार होत नाही. उलट तळ फुगीर आणि कडा खाली असतील तर स्की भरकटते, कडक बर्फावर धरत नाही. कार्यशाळेने उत्तर दिलं की एवढा फरक चालतो. या किमतीला तो चालू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. मशीनवर दगडाने घासून घ्यायची सोय बडोद्यात नाही, त्यामुळे हातानेच उपाय केला: लांब सपाट कानस तळावर सपाट धरून टोकाकडून शेपटाकडे लांब ओढी मारायच्या, दर दोन-तीन ओढींनंतर कानस ब्रशने झाडायची, आणि उजेड बंद होताच थांबायचं. इथे तळ खरवडायला जाऊ नका, खोलगटपणा वाढेल. शिवाय कडेचं पोलाद जेमतेम दोन मिमी जाड असतं, हा उपाय पुन्हा पुन्हा परवडत नाही. त्यानंतर तळाकडून १ अंश आणि बाजूने २ अंश असा कोन दिला. गुलमर्गच्या बर्फाला तेवढा पुरतो.

बाइंडिंग जिग (भोकांच्या जागा नेमक्या दाखवणारा साचा) असलेल्याकडूनच बसवा. सुताराचा कितीही हातखंडा असला तरी हे त्याचं काम नाही. धातूचा पत्रा नसलेल्या स्कीला साधारण ३.६ मिमीचं ड्रिल लागतं, पत्रा असेल तर ४.१ मिमीचं; खोली दोन्हींत ९ मिमी. ड्रिलला स्टॉपर हवाच. भोक खोल गेलं की खाली तळाला पुटकुळी येते आणि ती कायमची. भोकात पाण्याने न सुटणारा गोंद घालूनच स्क्रू पिळा, नाहीतर गाभ्याला पाणी लागतं. स्क्रूचं डोकं पोझिड्राइव्ह ३ नंबरचं असतं, साध्या फिलिप्सने ते झिजून जातं. पडल्यावर बाइंडिंगमधून बूट किती जोराला सुटावा, तो आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य पाहून ठरतो. मित्राचा आकडा उचलू नका.

बर्फावर ही स्की शांत आहे, दुसरा शब्द नाही. गंडोल्याचा (केबल कारचा) दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर सुमारे ३,९५० मीटरवर सोडतो. तिथे वाऱ्याने दाबलेला कठीण थर आणि त्याखाली मऊ भुसा असा बर्फ बरेचदा मिळतो. कार्बनच्या हलक्या स्की अशा ठिकाणी थरथरतात. ॲश आणि फायबरग्लासच्या जोडीने तो मार गाभ्यातच जिरवला, गुडघ्यापर्यंत येऊ दिला नाही. ताज्या भुसभुशीत बर्फात १०० मिमी रुंदी पुरेशी तरंगते. गंडोल्याच्या पहिल्या टप्प्यावरच्या कोंगडोरीच्या दाबलेल्या उतारावर सकाळी मात्र ती कडेवर आणायला जोर लागतो, छोट्या झटपट वळणांची ही स्की नाही. सकाळी घट्ट, दुपारी चिखल अशा मार्चच्या बर्फात तळाला लावायचं मेण बदललं नाही तर ओढते.

गुलमर्गला बर्फ कमी असला की दगड आणि झाडांचे बुंधे वर येतात. २०२४ च्या जानेवारीत तर उतार जवळजवळ कोरडे होते. दगड लागला की दोन गोष्टी होतात. एक, कडेचं पोलाद त्या जागी कडक बनतं आणि कानस त्यावरून नुसती घसरते. तिथे आधी डायमंड स्टोन फिरवा, मग कानस. दुसरी, तळाला चर पडते. उथळ असेल तर तळाच्याच प्लास्टिकची कांडी पेटवून भरता येते. ज्योत छोटी आणि निळसर ठेवा, काजळी पडली तर भरण धरत नाही. गाभ्याचं फायबरग्लास दिसत असेल किंवा चर कडेला भिडली असेल तर कांडीचा उपयोग नाही, कारण ते प्लास्टिक काचेला आणि पोलादाला चिकटतच नाही. तिथे तळाचा तुकडा कापून इपॉक्सीनेच बसवावा लागतो.

शेपूट सिमेंटवर आपटत ठेवल्याने थर सुटायला लागले, ही दुसरी दुरुस्ती. दोन-तीन दिवस पूर्ण वाळू दिलं, फटीत पातळ पातं घालून २४ तासांत सुकणारं इपॉक्सी आत ढकललं, प्लास्टिकचा कागद आणि दोन फळ्या लावून शिकंज्यात आवळलं. पाच मिनिटांत सुकणारं घेऊ नका, आत पोचायच्या आधीच ते घट्ट होतं. हे काम मे महिन्यात काढूही नका, उन्हाळ्यात इपॉक्सी भलतंच लवकर धरतं.

विनियर देखणं आहे यात शंका नाही. अक्रोडाच्या रेषा दोन्ही स्कींवर आरशात पाहिल्यासारख्या जुळवल्या आहेत. पण लिफ्टच्या रांगेत दुसऱ्याची कड एकदा घासली की लाखेसारखं लखलखणारं ते अंग फाटतं, पाणी शिरतं आणि विनियरची कोर उचलते. चरा पडला की त्याच रात्री पुसून, वाळवून ४०० नंबरच्या कागदाने हलकं घासा आणि दोन घटकांच्या पारदर्शक पीयू (पॉलियुरेथेन) लॅकरचा पातळ हात द्या. आपल्याकडे संखेड्याच्या लाखकामामुळे लाखेच्या पॉलिशवर भरवसा असतो, आणि फर्निचरसाठी तो रास्तच आहे. बर्फासाठी ती चालत नाही, ओल लागली की लाख पांढरी पडते.

आता साठवण. मार्चमध्ये परतल्यावर स्की प्रवासाच्या पिशवीतून लगेच काढा, पिशवी ओल धरून ठेवते आणि कडा एका रात्रीत तांबूस होतात. तांब चढलीच तर गमी स्टोनने (रबरासारख्या घासायच्या ठोकळ्याने) निघते. मग तळावर मऊ मेणाचा जाड थर द्या आणि तो कडांवरून ओघळू द्या, खरवडू नका. इस्त्री साधारण १२० अंशांवर ठेवून सतत फिरवत राहा. मेणाचा धूर निघाला म्हणजे तापमान जास्त झालं, आणि एका जागी थांबलात तर आतला गोंद ढिला पडतो. घरच्या कपड्यांच्या इस्त्रीचं तापमान वर-खाली होत राहतं, शिवाय वाफेच्या भोकांत मेण बसतं. वेगळी इस्त्री घ्याच.

माळ्यावर, स्लॅबखाली किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. बडोद्याच्या मे महिन्यात तिथे मेण वितळायला लागतं. बाहेरची भिंत पावसाळ्यात ओल धरते, म्हणून आतल्या खोलीची आतली भिंत निवडा. दोन्ही स्की मधोमध पट्ट्याने करकचून बांधल्या तर महिनोन् महिने कमान दबून राहते. सुट्या ठेवा, किंवा फक्त टोकाशी सैल बांधा. तळमजल्यावर असाल तर निदान छातीइतक्या उंचीवर आडव्या ठेवा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी पाहिलेल्यांना कारण सांगायला नको. या पद्धतीने ठेवलेल्या जोडीची फट दिवाळीआधी पुन्हा मोजली, साडेदहा मिमी निघाली. अर्धा मिमी गेला. लाकडाच्या मानाने हे उत्तम आहे.

वर्षाला पंधरा दिवसांहून कमी जात असाल तर गुलमर्गला भाड्याने घ्या. त्याहून जास्त जात असाल, तर विनियरऐवजी साधं नायलॉनचं वरचं आवरण मागा. आतला गाभा तोच ठेवून ते बनवून मिळू शकतं. स्वित्झर्लंडमधल्या डिसेंटिस गावच्या झाई या कार्यशाळेने दगडाचा गाभा वापरूनही स्की घडवल्या आहेत. तो प्रकार याहून कितीतरी महाग, आणि आपल्या दगडाळ उतारांवर तो न्यायचं धाडस करू नये.

साठवणीचं मेण घरी काढू नका. प्रवासात तेच कडांना सांभाळतं. गुलमर्गला पोचल्यावर आधी स्क्रेपरच्या खाचेने कडांवरचं मेण काढा, मग चार-पाच मिमी जाडीच्या प्लास्टिक स्क्रेपरने तळावरचं टोकाकडून शेपटाकडे, आणि शेवटी नायलॉनचा ब्रश मारा, जोवर भुकटी पडायची थांबत नाही तोवर.