रक्ताचं कल्चर: तापाच्या प्रत्येक रुग्णाचं की निवडक रुग्णांचं?

आपत्कालीन विभागात ताप घेऊन आलेल्या प्रत्येकाचं रक्त कल्चरला पाठवायचं, म्हणजे ते खास बाटलीत ठेवून त्यात जंतू वाढतात का हे प्रयोगशाळेत पाहायचं, ही पद्धत सोपी वाटते. कुणी सुटत नाही. पण त्वचेचा साधा जंतुसंसर्ग, मूत्राशयापुरता संसर्ग किंवा सौम्य न्यूमोनिया असेल तर बाटलीत जंतू क्वचितच वाढतात, आणि वाढले तरी उपचार बहुधा तेच राहतात. उलट घाईत घेतलेल्या नमुन्यात त्वचेवरचे जंतू शिरतात. मग खोटा पॉझिटिव्ह रिपोर्ट, घरी गेलेल्या रुग्णाला परत बोलावणं, गरज नसताना दिलेलं व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक. दूषित नमुने ३ टक्क्यांच्या आत ठेवावेत असा निकष आहे. गर्दीच्या विभागात तो पाळणं कठीण जातं.

निवडक पद्धतीत आधी रुग्ण पाहायचा. हुडहुडी भरून आलेला ताप, घसरलेला रक्तदाब, हृदयाच्या झडपेच्या संसर्गाची शंका, मेंदूज्वर, मोठ्या शिरेत बसवलेला कॅथेटर, केमोथेरपीनंतर घटलेल्या पांढऱ्या पेशी, इथे कल्चर हवंच. आणि नीट हवं. प्रौढांमध्ये दोन वेगळ्या जागांहून दोन संच (एका संचात दोन बाटल्या), प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त. सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते या मापाकडे, आणि कमी रक्तात जंतू सापडायची शक्यताच घटते. नमुना अँटिबायोटिकच्या आधी घ्यावा, पण सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गामुळे रक्तदाब धोकादायक पातळीला घसरतो तेव्हा, त्यासाठी पहिला डोस रखडता कामा नये.

मी निवडक पद्धतीच्याच बाजूने आहे. फक्त ही निवड एकट्या थर्मामीटरवर सोडू नये. वृद्धांना सेप्सिस (जंतुसंसर्गाला शरीराची जीवघेणी प्रतिक्रिया) असूनही ताप नसतो, असं पुष्कळदा होतं.