लिनक्ससाठी सेकंडहँड लॅपटॉप: मॅकबुक एअर (२०१५-१७) की थिंकपॅड टी४८०?

विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. तेव्हापासून जुना पण दणकट लॅपटॉप घेऊन त्यावर लिनक्स टाकण्याचा विचार बरेच जण करताहेत. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत किंवा ऑनलाइन शोधायला लागलात की १३ इंची इंटेल मॅकबुक एअर आणि कंपन्यांच्या ऑफिसांतून बाहेर पडलेला थिंकपॅड टी४८० यांपैकी एकावर नजर अडकतेच. प्रोसेसर आणि मेमरीचे आकडे विक्रेता सांगतोच, त्यामुळे इथे लिनक्सचं कोणाशी किती जमतं एवढंच पाहू.

एअरची बाजू आधी, कारण ती खरोखर भक्कम आहे. त्याचा ट्रॅकपॅड लिनक्सवरही उत्तम चालतो. ड्रायव्हर (तो भाग चालवणारा प्रोग्राम) कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आहे, वेगळं काही टाकावं लागत नाही. वजन १.३५ किलो. १४४०×९०० ची स्क्रीन थोडी उंच असल्याने लांब मजकूर वाचायला बरी पडते. मॅकओएस अधिकृतपणे मॉन्टेरे या जुन्या आवृत्तीवर थांबतं, म्हणून लिनक्सचा मार्ग इथे शहाणपणाचाच. चालू करताना ऑप्शन की दाबून धरली की पेन ड्राइव्ह दिसतो आणि इन्स्टॉलेशन सुरळीत सुरू होतं.

फक्त वाय-फाय दिसत नाही.

या एअरमध्ये ब्रॉडकॉमची बीसीएम४३६० चिप आहे (एलएसपीसीआय कमांडमध्ये आयडी १४ई४:४३ए० असा येतो). कर्नलमधले ब्रॉडकॉमचे खुले ड्रायव्हर, म्हणजे बी४३ आणि बीआरसीएमएफमॅक, तिला चालवत नाहीत. लागतो तो डब्ल्यूएल नावाचा बंदिस्त ड्रायव्हर. त्याची कंपनीकडून आलेली शेवटची आवृत्ती, ६.३०.२२३.२७१, २०१५ची आहे; पुढच्या कर्नलांसाठीची ठिगळं डिस्ट्रो (डेबियन, उबंटूसारखे लिनक्सचे अवतार) सांभाळणारे लोक लावत आले आहेत. डेबियनमध्ये हे पॅकेज ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस या नावाने नॉन-फ्री विभागात मिळतं, इन्स्टॉलरमध्ये नसतं. त्यामुळे पहिल्या वेळी अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं इंटरनेट लॅपटॉपला देणं) सुरू करायचं, त्यावरून ते पॅकेज आणि कर्नलचे हेडर्स (ड्रायव्हर कंपाइल करायला लागणाऱ्या फाइली) उतरवायचे आणि रीबूट करायचं. इथपर्यंत ठीक आहे, अर्ध्या तासाचं काम.

खरा त्रास नंतर सुरू होतो. डीकेएमएस ही यंत्रणा प्रत्येक नव्या कर्नलसाठी हा ड्रायव्हर पुन्हा कंपाइल करतं. हेडर्स आले नसतील, किंवा नव्या कर्नलमध्ये आतलं एखादं फंक्शन बदललं असेल, तर कंपाइल अर्ध्यावर अडतं. त्याची सूचना अपडेटच्या शेकडो ओळींत हरवते आणि पुढच्या रीबूटला वाय-फाय गायब. दुरुस्तीला इंटरनेट हवं आणि इंटरनेटच नाही. त्यात एअरला इथरनेटचं पोर्टही नाही.

यावर उपाय आहेत. एक, चालू होताना येणाऱ्या ग्रब मेन्यूच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून आधीचा कर्नल निवडा, वाय-फाय परत येतं. म्हणून जुना कर्नल कधीच काढू नका. दोन, डेबियन स्टेबलवर राहा आणि हेडर्सचं मेटापॅकेज (इतर पॅकेजेस ओढून आणणारं पॅकेज) टाका, म्हणजे कर्नलबरोबर हेडर्सही येतात. उबंटू एलटीएसच्या डेस्कटॉपमध्ये मूळ कर्नलऐवजी एचडब्ल्यूई (नव्या हार्डवेअरसाठीचा) कर्नल येतो आणि तो ठरावीक काळाने पुढच्या मालिकेवर उडी मारतो. तिथे लिनक्स-जेनेरिक हे पॅकेज टाकून मूळ कर्नलला चिकटून राहणं बरं. कर्नल सतत नवा करणारे फेडोरा किंवा आर्च या यंत्रावर सुचवणार नाही. तीन, मीडियाटेक एमटी७६१२यू चिपचा यूएसबी डोंगल घ्या. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये ४.१९ पासून आहे. पण दोनच यूएसबी पोर्टांपैकी एक त्यात कायमचं अडकतं. आत इंटेलचं कार्ड बसवू म्हणाल, तर ॲपलचा स्लॉट वेगळ्याच मापाचा.

कॅमेऱ्याचीही हीच गत. तो यूएसबीवर नसून पीसीआय एक्सप्रेसवर असल्याने फेसटाइमएचडी हा बाहेरचा ड्रायव्हर आणि ॲपलच्या फाइलमधून काढलेलं फर्मवेअर (चिपमध्ये चालणारं सॉफ्टवेअर) लागतं. झोपवलेला एअर लगेच जागा होत असेल, तर एसीपीआयच्या (वीज-व्यवस्थापनाच्या) वेकअप यादीतलं एक्सएचसी१, म्हणजे यूएसबी कंट्रोलर, बंद करा. रीबूटला ती सेटिंग पुसली जाते, म्हणून चालू होताना आपोआप चालणारी छोटी सिस्टमडी सर्व्हिस लिहून ठेवा.

टी४८० मध्ये सहसा इंटेल ८२६५ कार्ड असतं. त्याचा आयडब्ल्यूएलवायफाय ड्रायव्हर कर्नलचाच भाग आहे आणि फर्मवेअर डिस्ट्रोबरोबर येतं. इन्स्टॉलरच्या पहिल्या पडद्यावर घरचं नेटवर्क दिसतं आणि कर्नल कितीही वेळा बदलला तरी दिसत राहतं. माझ्यापुरता निकाल इथेच लागला आणि मी टी४८० घेतला. बाकीचं वरकड: बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सोय कर्नलमध्येच, बायॉसचे अपडेट एफडब्ल्यूअपडी या साधनाने लिनक्समधूनच, मेमरीचे दोन स्लॉट (एअरची मेमरी बोर्डालाच जोडलेली), आणि उद्या गरज पडलीच तर आठव्या पिढीचा प्रोसेसर असेल तर विंडोज ११ अधिकृतपणे चालतं.

टी४८० निर्दोष आहे असं मात्र नाही. बोटाच्या ठशाचा सेन्सर (०६सीबी:००९ए) लिनक्सच्या मूळ लिबएफप्रिंट लायब्ररीत चालत नाही, पायथन-व्हॅलिडिटी हा बाहेरचा ड्रायव्हर टाकावा लागतो. जास्त भार आला की लिनक्सवर प्रोसेसर गरजेपेक्षा लवकर मंदावतो. थ्रॉटल्ड नावाची युटिलिटी ते सुधारते. मूळ १३६६×७६८ ची टीएन स्क्रीन फिकट आणि कोनातून पाहवत नाही, त्यामुळे १९२०×१०८० ची आयपीएस असलेलाच घ्या. मोठ्या बॅटरीसह वजन दोन किलोच्या आसपास जातं, रोज लोकलने प्रवास करणाऱ्याला ते जाणवेल. प्रवासच मुख्य असेल आणि डेबियन स्टेबलवर समाधान असेल, तर एअर घेणाऱ्याला मी अडवणार नाही.

टी४८० घेताना दुकानातच दोन गोष्टी पाहा. चालू करताना एफ१ दाबून बायॉसमध्ये शिरा. सुपरवायझर पासवर्ड मागितला तर यंत्र परत द्या, तो सहज निघत नाही. मग डावीकडच्या दोन्ही यूएसबी-सी पोर्टांवर आळीपाळीने चार्जर लावा. त्यांतलं एक थंडरबोल्टचं आहे. त्याच्या जुन्या फर्मवेअरमधल्या दोषामुळे कंट्रोलर कायमचा बंद पडू शकतो आणि लेनोवोने २०१९ मध्ये त्यावर अपडेट काढला. पोर्ट जिवंत असेल तर घरी आल्यावर तो अपडेट सगळ्यात आधी करा. मेलेलं असेल तर चिप बाहेरून फ्लॅश करावी लागते किंवा बोर्ड बदलावा लागतो, आणि त्या खर्चात सौदा परवडत नाही.