डबल बेसचं स्टूल: गादी नंतर, आधी पायदांडी बघा

डबल बेस म्हणजे व्हायोलिनसारखं, पण उभं धरून वाजवायचं भलंमोठं वाद्य. त्यासाठी विकली जाणारी स्टुलं साधारण तीन जातींची: आट्यांवर फिरवून उंची बदलणारी, भोकात खीळ अडकवायची आणि गॅसवर वरखाली होणारी. गॅसवाल्यांचा विचारच नको. बो, म्हणजे तारांवरचा गज, ओढताना बैठक गरगर फिरते. खीळवाल्यांत भोकं दोन-अडीच सेंटीमीटरवर असतात आणि हवी ती उंची नेमकी दोन भोकांच्या मध्ये सापडते. उरलं आट्यांचं स्टूल. तेच सगळ्यांत बरं, पण बैठकीखाली लॉकनट, म्हणजे आटे जागच्या जागी आवळून ठेवणारा नट, हवाच. नसेल तर वाजवताना बैठक फिरत फिरत खाली येते, वर नेमकी संथ, हळू सुरांत करकरते.

दुकानात सगळे गादी दाबून बघतात. खरं काम मात्र पायदांडीचं, म्हणजे पाय टेकवायच्या आडव्या दांडीचं असतं. बसून वाजवताना डावा पाय दांडीवर असतो, त्यामुळे मांडी उचलली जाते आणि वाद्याच्या पाठीची कड तिला टेकते. दांडी स्टुलाच्या पायांना कायमची वेल्ड केलेली असेल तर बैठक वर घेतली की दोन्हींतलं अंतर वाढतं, गुडघा खाली जातो, बेस घसरतो आणि डावा अंगठा वाद्याची मान सावरायला लागतो. मग स्वर बदलताना हात अडखळतो आणि दोष सरावाला दिला जातो. म्हणून दांडी वेगळी सरकणारीच घ्यावी.

उंची ठरवताना वाजवायचेच बूट घालून उभं राहावं. बैठकीची कड नितंबांच्या जरा खाली यावी. बहुतेक प्रौढांना 70 ते 80 सेंटीमीटर पुरतात. बसायचं पुढच्या अर्ध्या भागावर, उजवं पाऊल पूर्ण जमिनीवर. मग एंडपिन (वाद्याच्या तळाशी असलेली, जमिनीवर टेकणारी दांडी) लावून डावा हात सोडून बघा: बेस जागेवर राहिला पाहिजे. बो फिंगरबोर्डचं (तारांखालच्या, बोटं दाबायच्या पट्टीचं) टोक आणि ब्रिज (तारा उचलून धरणारी लाकडी घोडी) यांच्या मध्ये, उजवा खांदा न झुकवता पडला पाहिजे. सगळ्यांत जाड तारेवर तो मांडीला अडत असेल तर उजवा गुडघा बाहेर घ्या. तरीही अडला तर बैठक खाली आहे.

बसण्याचा मोठा फायदा अंगठ्याच्या पोझिशनमध्ये, म्हणजे वरच्या स्वरांसाठी डावा अंगठाही तारांवर ठेवून वाजवताना: वाद्य मांडीवर स्थिर असल्याने त्याच्या अंगावरून वाकावं लागत नाही. किंमत कंबर मोजते. एक पाय वर, एक खाली, त्यामुळे कमरेखालचा भाग तिरका होतो. लांबलचक ऑपेरात हे जाणवतंच. विरामाच्या मात्रांत दोन्ही पावलं जमिनीवर टेकवायची सवय लावावी.

उभं राहणाऱ्यांना कंबर आणि गुडघे मोकळे मिळतात, हाताचं वजन पाठीतून बोवर येतं. अडचण एकच, वाद्याचा तोल. त्याचं उत्तर स्टुलात नाही, तिरक्या एंडपिनमध्ये आहे. बेसवादक फ्राँस्वा राबात यांनी वापरली तशी. आधाराचा बिंदू वाद्याच्या भारकेंद्राखाली सरकतो आणि डाव्या हातावरचं ओझं जवळजवळ नाहीसं होतं. मात्र त्यासाठी वाद्याच्या तळाशी आत असलेल्या लाकडी ठोकळ्यात तिरकं भोक पाडावं लागतं, ते वाद्य बनवणाऱ्याकडूनच करून घ्यावं. सरळ एंडपिनच्या भोकात बसणाऱ्या वाकड्या दांड्याही मिळतात. आधी त्या वापरून बघणं शहाणपणाचं.

गादीबद्दल एवढंच: फोम बोटाने सहज दबत असेल तर बसल्यावर उंची दोनेक सेंटीमीटर घटते आणि सगळं माप पुन्हा घ्यावं लागतं. कडक गादी, पण पुढची कड गोल. धारदार कडेने डावी मांडी बधिर होते.