गोव्यातल्या चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्य, शाळेची सहल : रिव्ह्यू (सुकतीची, म्हणजे ओहोटीची, वेळ बघूनच जा)

रेटिंग आधी देऊन टाकते, पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते खाली येईल.

मी फोंडा तालुक्यात एका छोट्या मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. तिसरी-चौथी मिळून २३ मुलं, दोन टीचर, आणि यंदा तीन पालक सोबत आले. डिसेंबरात आम्ही चोडणला गेलो, आणि खरं सांगायचं तर ही आमची दुसरी वेळ. पहिली गेल्या जानेवारीत झाली होती आणि ती इतकी फुकट गेली होती की मुलं परत येताना बसमध्ये विचारत होती, टीचर, पक्षी खंय आसले? म्हणजे पक्षी होते कुठे? त्यामुळे दोन्ही सहलींबद्दल लिहिते, म्हणजे दुसऱ्या शाळांचा एक दिवस तरी वाचेल.

आधी जागेबद्दल. चोडण बेटाच्या पश्चिम टोकाला, मांडवीच्या काठावर हे अभयारण्य आहे, जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचं, आणि जवळजवळ सगळी खारफुटी, म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्यात वाढणारी झाडी. १९८८ साली जाहीर झालं, म्हणजे पक्षीतज्ज्ञ सलीम अली गेले त्याच्या दुसऱ्याच वर्षी. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे उतरलं की थोडं चालून गेट. फोंड्याकडून येणाऱ्यांना बाणस्तारीचा पूल ओलांडून, जुनं गोवं करून रायबंदरला यायचं, बस इकडेच ठेवायची आणि मुलांना चालत फेरीत चढवायचं. आमच्या २३ पैकी ९ मुलं आयुष्यात पहिल्यांदा फेरीबोटीत चढली, गोव्यात राहून. ती फेरी म्हणजे त्यांच्यासाठी अर्धी सहल तिथेच झाली, फळी खाली आली की तो लोखंडाचा आवाज होतो ना, तो ऐकून सगळे एकदम गप्प.

आता गेल्या वर्षी काय चुकलं. आम्ही शाळेच्या सोयीने तारीख घेतली, शनिवार नको, परीक्षा नको, बस मिळायला हवी, अशी. बसवाला (नाव लिहीत नाही) दीड तास उशिरा आला आणि रस्ताभर गाणी इतकी मोठ्याने लावली की मुलांना काही सांगताच येईना. पण खरी चूक ती नव्हती. खरी चूक ही की तो पौर्णिमेचा दिवस होता आणि आम्ही अकराच्या सुमारास पोचलो, म्हणजे बरोबर भरती टिपेला असताना. पाणी झाडांच्या बुंध्यापर्यंत, दोन्हीकडे हिरवी भिंत, चिखल नाही, मुळं नाहीत, खेकडे नाहीत, आणि उन्हाची वेळ म्हणून पक्षीही पानांत. पाऊण तासात मुलं कंटाळली, मी फलक वाचून दाखवत बसले, आणि ते सगळं वर्गातसुद्धा करता आलं असतं.

मला हे तेव्हा कळलंसुद्धा नाही. कळलं एका मुलाच्या आजोबांमुळे, ते अजून होडीने मासे मारतात. पालकसभेला आले होते, मी सहलीचं सांगितलं तर म्हणाले, बाई, पुनवेला अकरा वाजता तिथे काय बघणार, सुकतीला जायला हवं होतं. सुकती म्हणजे ओहोटी, आमच्याकडे सुकतीच म्हणतात. आणि मग त्यांनी हिशोब सांगितला: तिथीची पाऊणपट करायची, तितके वाजता भरती. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधरा पाऊण सव्वाअकरा. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच, वद्यात पुन्हा एकपासून मोजायचं. मी पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, लहानपणी आजोळी पाठ केली होती आणि त्यानंतर तिचा उपयोग कुणी सांगितलाच नव्हता! सुकती त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी. रोज भरती पुढे सरकते ती पाऊण तासाच्या आसपासच, म्हणून पाऊणकी. काय सुंदर आहे हे.

मग यंदा सहलीची तयारी गणिताच्या तासाला झाली. चौथीला अपूर्णांक आहेतच, भिंतीवर कालनिर्णय लावलं आणि मुलांना म्हटलं, मला असा दिवस शोधून द्या ज्या दिवशी सकाळी साडेदहा-अकराला सुकती असेल. दोन दिवस लागले त्यांना. शेवटी सप्तमी निघाली, सात पाऊण सव्वापाच, म्हणजे भरती संध्याकाळी सव्वापाचला आणि सुकती त्याआधी सकाळी अकराच्या आसपास. छापील भरतीच्या तक्त्याशी ताडून बघितलं तर तास-पाऊण तासाचा फरक येतो, कारण हा ढोबळ अंदाज आहे आणि नदीत आत जाईल तसं पाणी उशिरा पोचतं, ते मुलांना सांगितलं. पण दिवस बरोबर निघाला. तारीख मुलांनी काढलेली असल्यामुळे एकही गैरहजर नव्हता, हे विशेष.

आणि यंदा काय दिसलं म्हणून सांगू. तीच पायवाट, तीच झाडं, पण खाली सगळा चिखल उघडा. तिवर हे खारफुटीतलं झाड, त्याची श्वासमुळं चिखलातून वर आलेली, पेन्सिली उलट्या खोचून ठेवल्यासारखी, हजारो. पुस्तकात त्याला एक ओळ आहे, चिखलात हवा मिळत नाही म्हणून ही मुळं वर येतात. ती ओळ मी चार वर्षं शिकवली. तिथे एका मुलीने विचारलं की मग भरतीत ती बुडतात तेव्हा झाड श्वास कसा घेतं? वर्गात हा प्रश्न कधी आला नव्हता. (पाणी ओसरल्यावर मुळांवरच्या बारीक छिद्रांतून हवा आत जाते, आतल्या पोकळ जागेत साठते, बुडल्यावर ती वापरली जाते. हे मी त्याच दिवशी रात्री वाचून दुसऱ्या दिवशी सांगितलं, तिथल्या तिथे सांगितलं की मला माहीत नाही, उद्या सांगते. मुलांना ते आवडलं असावं कारण दुसऱ्या दिवशी शाळा उघडताच पहिला प्रश्न तोच.)

मग कांदळ, हेही खारफुटीतलंच झाड. त्याची मुळं बुंध्यातून कमानीसारखी खाली उतरतात, आणि त्याच्या त्या लांब शेंगा. शेंगा म्हणजे खरं तर रोपंच, बी झाडावर असतानाच रुजतं आणि शेवग्याच्या शेंगेसारखं लोंबत राहतं, मग खाली पडलं की टोकाने चिखलात उभं रुततं किंवा पाण्याबरोबर दुसरीकडे जाऊन रुजतं. आमच्यासमोर एक पडलं नाही, पण नुकतं रुतलेलं दोन पानांचं रोप अगदी पायवाटेलगत होतं, त्याच्याभोवती मुलं दहा मिनिटं बसून होती. दहा मिनिटं! तिसरीतली मुलं वर्गात दहा मिनिटं कशाहीभोवती बसत नाहीत.

तिवराचं पान चाटून बघायला सांगितलं, पानाच्या खालच्या बाजूला. खारट. झाड खारं पाणी ओढतं आणि मीठ पानांतून बाहेर टाकतं, ते पानावरच बसतं. चाटताना सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी होती आणि नंतर लिहिलेल्या २३ निबंधांपैकी १९ मध्ये ते पान आहे. पण एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, ओळखीच्या माणसाने दाखवलेलंच पान हाताळायचं. खारफुटीत गेवा नावाचं झाडही असतं, त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. आम्ही नियम केला होता की मी किंवा सोबतच्या गाईडने बोट दाखवल्याशिवाय पानाला हात नाही, आणि मुलांनी तो पाळला.

खेकडे! एक नांगी इवलीशी आणि एक अंगाएवढी, आणि ती मोठी नांगी वर-खाली हलवत राहतात. फक्त नर असं करतात, मादीला बोलवायला आणि दुसऱ्या नराला धमकवायला. आमचा एक अतिशय शांत मुलगा आहे, वर्गात दिवसभरात दोन शब्द बोलेल तर शपथ, तो ओरडला, टीचर, पळयात, कुर्ली नाचता! (बघा, खेकडा नाचतोय!) आणि मग पुढचा अर्धा तास तोच सगळ्यांना कुठल्या बिळात कोण आहे ते दाखवत होता. निवट्याही दिसल्या, चिखलावरून उड्या मारणारे ते मासे, डोळे डोक्यावर. मासा आहे की बेडूक यावर भांडण झालं, मी सोडवलं नाही, त्यांनीच कल्ले आहेत की नाहीत, पर आहेत का असं बघत बघत ठरवलं की मासा.

पक्षी म्हणाल तर खंड्या, बगळे, पाणकावळे पंख पसरून वाळवत बसलेले, ब्राह्मणी घार, आणि चिखलावर शेपटी सारखी वरखाली करत चालणारा तुतवार. तुतवार हिवाळ्यात उत्तरेकडून येतो हे सांगितल्यावर मुलांना तो एवढासा पक्षी एकदम मोठा वाटायला लागला. २३ मुलांत दोन दुर्बिणी होत्या, कमी पडल्या, निदान चार हव्यात. पाणमांजरं या भागात आहेत पण आम्हाला दिसली नाहीत, त्यांच्या पायांचे ठसे गाईडने चिखलात दाखवले तेवढं पुरलं.

गाईड म्हणजे चोडणचाच एक होडीवाला. पुस्तकी काही बोलला नाही आणि तेच चांगलं झालं. त्याने मुलांना खाजन शेतीचा (खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेल्या शेतीचा) बांध आणि मानस दाखवली. मानस म्हणजे बांधातलं ते दार, भरतीचं पाणी ढकलतं तसं आपोआप बंद होतं, सुकतीला आतलं पाणी ढकलतं तसं उघडतं, मोटर नाही, वीज नाही, शेकडो वर्षांपासूनची युक्ती. खारं पाणी शेतात शिरत नाही आणि जादा पाणी बाहेर जातं. आत पावसाळ्यात खारटपणा सोसणारं कोरगूट भात पिकतं. आणि इथे आमच्या दुर्भाटच्या एका मुलीने त्यालाच शिकवलं! ती म्हणाली आमच्या गावात पौष अमावास्येला मांगेथापणी करतात, चिखलाची मगर करतात, तिला शिंपल्यांचे डोळे लावतात आणि पूजा करतात, कारण बांधाच्या बाजूला मगरी असतात आणि त्यांनी आपल्याला काही करू नये. गाईडने तिला पूर्ण सांगायला लावलं, सगळे ऐकत होते. येताना बाणस्तारीच्या पुलावरून कुंभारजुव्याचा कालवा लागतो, त्या कालव्यात खऱ्या मगरी आहेत, तर परतताना अख्खी बस एका बाजूच्या खिडकीत.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे, की पाठ्यपुस्तकात परिसर नावाची जी गोष्ट आहे ती या मुलांच्या घरातच आहे, आजोबांच्या पाऊणकीत, त्या मुलीच्या चिखलाच्या मगरीत, आणि वर्गात आम्ही ते कधी विचारत नाही म्हणून ती सांगत नाहीत.

साडेबाराच्या सुमारास पाणी चढायला लागलं तेव्हा होडीत बसवलं, आठ, आठ आणि सात अशा तीन तुकड्या, प्रत्येक तुकडीत एक मोठं माणूस, प्रत्येकाला लाईफ जॅकेट, त्याशिवाय होडीत पाय नाही. पूर्ण सुकतीला होडी आतल्या अरुंद वाटांत जातच नाही, टेकते, त्यामुळे आधी चालणं आणि पाणी आलं की होडी हाच क्रम ठेवा. मघाशी जिथे कुर्ल्या नाचत होत्या तिथून आता आपण होडीने जातोय हे मुलांना खरं वाटेना.

काही गोष्टी पटापट. मच्छर आणि बारीक माश्या आहेत, फुल बाह्या हव्यातच. गडद-हिरवे कपडे, भडक टीशर्ट नको. पाणी प्रत्येकाचं वेगळं, डबा घरचा (आमच्याकडे पोळे, उंडे-भाजी असं होतं), प्लास्टिकचं पाकीट एकही न्यायचं नाही हे आधीच ठरवा. टॉयलेटची सोय आधी फोन करून विचारून ठेवा, लहान मुलींसाठी तर नक्कीच. आणि एका टूरवाल्याने आम्हाला 'एका दिवसात तीन स्पॉट, शेवटी वॉटर पार्क' असं पॅकेज देऊ केलं होतं, माणशी खर्चही कमी येत होता, पण मी हात जोडून सांगते की असं करू नका. एक जागा, चार तास, बस्स. तीन ठिकाणी मुलं फक्त बसमध्ये चढतात आणि उतरतात.

आता तो अर्धा गुण. बस परत द्यायची होती म्हणून सव्वाला निघावं लागलं. पाणी तेव्हा अर्धवटच चढलं होतं, निवट्या मुळांवर सरकत सरकत वर यायला लागल्या होत्या, आणि तेवढ्यात आम्ही फेरीकडे. तिसरीतला एक मुलगा फेरीत माझा हात धरून विचारत होता, पूर्ण भरती झाली की त्या सगळ्या कुठे जातात, आणि कुर्ल्या बिळात बुडत नाहीत का. उत्तर मी पुस्तकातून सांगू शकले असते. सांगितलं नाही. मुख्याध्यापिकांशी बोलून पुन्हा एक दिवस मागितलाय, हीच मुलं, तीच पायवाट, आणि यावेळी मुद्दाम पौर्णिमा, सकाळी अकरा.