ब्लाइंड बुकिंगची हॉटेलं: सगळं जमलं, पलंग सोडून

ब्लाइंड बुकिंग म्हणजे हॉटेलचं नाव पैसे भरल्यावरच कळतं, त्याच्या बदल्यात खोली स्वस्तात मिळते. एरिया दिसतो, स्टार दिसतात, गेस्ट रेटिंग आणि सुविधांची यादी दिसते, किंमत दिसते आणि एकदा बटण दाबलं की विषय संपला, कॅन्सल नाही, बदल नाही. अमेरिकेतल्या प्राइसलाइन साइटचे एक्सप्रेस डील्स, तिथल्याच हॉटवायरचे हॉट रेट्स, ब्रिटनमधल्या लास्टमिनिटची टॉप सीक्रेट हॉटेल्स, सगळ्यांचा साचा हाच. मी या प्रकारच्या साइट बरेच महिने वापरतोय, मोठ्या शहरांमध्ये आणि स्वतःच्या पैशाने, त्यामुळे जे लिहितोय ते खिशाला लागलेलं आहे. पैसे वाचतात का? वाचतात, चांगले वाचतात. तरी माझी एक तक्रार आहे आणि ती पलंगाबद्दल आहे. हसू नका, पुढे वाचा.

सुरुवातीला मला वाटायचं की नाव लपवतात म्हणजे हॉटेलात काहीतरी खोट असणार, ढेकूण असतील नाहीतर रिनोव्हेशनचं धाड धाड चालू असेल. तसं अजिबात निघालं नाही. उलट नावाजलेल्या ब्रँडची, बिझनेसवाल्यांची हॉटेलं मिळाली. कारण सरळ आहे, आजची रिकामी खोली उद्या विकता येत नाही, रात्र गेली की त्या खोलीची कमाई गेली. पण हॉटेलने स्वतःच्या नावाने भाव पाडला तर पूर्ण पैसे भरून आलेला माणूस काउंटरवर भांडणार, करार केलेल्या कंपन्या म्हणणार आम्हालाही हाच रेट द्या, आणि सगळीकडे सारखाच भाव ठेवू असा बाकीच्या साइटना दिलेला शब्दही मोडणार. म्हणून हे ताकाला जाऊन भांडं लपवणं. स्वस्तात विकायचंय पण नाव नको.

ही युक्ती तशी जुनी आहे. प्राइसलाइनने १९९८ मध्ये आधी विमानाची तिकिटं अशी विकायला काढली, त्याच वर्षी हॉटेलंही आली, तेव्हा ग्राहकानेच आपला भाव बोलायचा आणि हॉटेलने तो घेतला की कार्डावरून पैसे लगेच गेले. हॉटवायर २००० मध्ये आलं, त्यात विमान कंपन्यांचेच पैसे होते, त्यांनाही रिकाम्या सीटा गुपचूप खपवायच्या होत्या. त्या बोलीच्या काळातले लोक फार हुशार. बोली नाकारली गेली की त्याच एरियाला आणि त्याच स्टारला लगेच परत बोली लावता यायची नाही, काहीतरी बदलावं लागायचं. मग हे लोक शहराचा असा एरिया जोडायचे जिथे तेवढ्या स्टारचं हॉटेलच नाही. म्हणजे तिकडे जाऊन पडायची भीती शून्य आणि वर एक जास्तीची बोली फुकट. हे वाचल्यावर मी मनातल्या मनात हात जोडले. आता ती बोलीची पद्धत बंद झालीये, भाव साइटच सांगते, घ्यायचा तर घ्या.

पण आताच्या डीलमध्येही नाव बऱ्याचदा आधी ओळखता येतं आणि मला वाटतं या प्रकारातली खरी मजा तीच आहे. साइट लिहिते अमुक टक्के सूट. ही सूट कशावर, तर त्याच हॉटेलच्या नेहमीच्या भावावर. समजा डील १०२ डॉलरला आहे आणि वर लिहिलंय ४० टक्के कमी, तर १०२ भागिले ०.६, म्हणजे मूळ भाव १७०. मग त्याच साइटवर दुसऱ्या टॅबमध्ये साधी यादी उघडायची, तेच दिवस, तोच एरिया, तेवढेच स्टार, आणि १७० च्या आसपास कोण बसलंय ते बघायचं. टक्के राऊंड केलेले असतात म्हणून १६८ ते १७२ धरायचं. दोनतीन हॉटेलं उरतात. मग सुविधा जुळवायच्या: स्विमिंग पूल आहे पण नाश्ता फुकट नाही, कुत्रा चालतो, एअरपोर्ट शटल नाही. गेस्ट रेटिंग दशांशापर्यंत जुळलं की समजायचं सापडलं. बायको म्हणते एवढा वेळ कामात घातलास तर पूर्ण भावाची खोली परवडेल. तिचं बरोबरही असेल पण तो आनंद वेगळा आहे. दोन्ही आकडे टॅक्सशिवायचेच आहेत ना हे मात्र तपासा, एक टॅक्ससकट आणि एक टॅक्सविना धरलात तर भलतंच हॉटेल ‘सापडतं’.

स्टारवर मात्र विसंबू नका. ते साइटने स्वतः ठरवलेले असतात, एकच हॉटेल एकीकडे साडेतीन आणि दुसरीकडे चार असू शकतं. मी गेस्ट रेटिंग बघतो, आठच्या खाली जातच नाही. आणि एरियाचा नकाशा मोठा करून बघा, डाउनटाउन म्हणून जो तुकडा रंगवलेला असतो त्याचं एक शेपूट कुठेतरी हायवेपर्यंत गेलेलं असतं आणि स्वस्त डील हमखास त्या शेपटात.

तर पलंग. सासरे आले होते, त्यांना शहर दाखवायचं होतं, बायकोला सुट्टी नव्हती म्हणून आम्ही दोघंच. मी नेहमीप्रमाणे गणित करून हॉटेल ओळखलं, दोन मोठी माणसं असं टाकून बुक केलं, नाव तेच निघालं, मी खूश. काउंटरवर गेलो तर खोलीत एक किंग बेड. म्हटलं दोन बेडवाली द्या. ती बाई शांतपणे म्हणाली तुमच्या बुकिंगमध्ये दोन माणसांची खोली एवढंच आहे, पलंग कुठला ते उपलब्धतेवर. दोन क्वीन बेडची खोली होती, नाही असं नाही, पण तिला रोजचे जास्तीचे पैसे, आणि ते पैसे जवळपास तेवढेच जेवढे मी ब्लाइंड घेऊन वाचवले होते! मग कशाला केला हा सगळा उद्योग. घडीचा पलंग विचारला तर म्हणाली या प्रकारच्या खोलीत चालत नाही, आगीच्या नियमामुळे. मी लॉबीतूनच साइटला फोन लावला. साइट म्हणते पलंग हॉटेल ठरवतं, हॉटेल म्हणतं साइटला विचारा, आणि चॅटवाला दर दोन ओळींनी ‘आम्हाला तुमचा मनस्ताप समजतो’. समजतो तर पलंग दे ना बाबा!

सासरे सोफ्यावर बॅग मांडीवर घेऊन सगळं ऐकत होते. शेवटी उठून आले आणि हळूच म्हणाले, जावईबापू, जास्तीचे पैसे भरू नका, मी खाली झोपतो. आता सासऱ्यांना कार्पेटवर झोपवून घरी काय तोंड दाखवणार? आणि पैसे भरायचे तर जिवावर आलेलं. तर आम्ही दोघं त्या किंग बेडवर, मधे उशांची एक रांग, ते त्या काठाला आणि मी या काठाला. ते कुशीवर वळले की मी श्वास रोखून धरायचो. सकाळी चहा घेताना म्हणाले, छान झोप लागली. खोटं बोलत होते, मला माहितीये, कारण मी रात्रभर जागाच होतो आणि तेही.

अटींमध्ये हे लिहिलेलं असतं हे मला मान्य आहे. पण कुठे लिहिलेलं असतं? पार खाली, करड्या अक्षरांत. माझं म्हणणं एवढंच की मी दोन मोठी माणसं टाकतो तेव्हा तिथेच, त्याच जागी विचारा ना की एक पलंग चालेल का. पूल आहे का, जिम आहे का, कुत्रा चालतो का हे सगळं मोठ्या चित्रांनी दाखवता. मी आजवर एकाही हॉटेलच्या जिममध्ये गेलेलो नाही, झोपलो मात्र प्रत्येक ठिकाणी आहे. एखाद्या डीलमध्ये पलंग लिहिलेला असतो, तसा दिसला तर थोडा महाग असला तरी मी आता तोच घेतो. दोन मित्र, दोन मैत्रिणी, आई आणि मुलगा, अशा कोणालाही मी डोळे झाकून ब्लाइंड घ्या असं सांगणार नाही. नवराबायको किंवा एकटा माणूस असाल तर बिनधास्त घ्या.

त्या प्रकारानंतर रागाच्या भरात मी या साइट सोडल्या आणि थेट हॉटेलच्या वेबसाइटवर जायला लागलो. तिथे एक गोष्ट कळली. फुकटात मेंबर व्हायचं, मेंबर रेट लावायचा, कॅन्सल करता येणारी खोली घ्यायची, तर साध्या दिवशी ब्लाइंड आणि त्यातला फरक बऱ्याचदा अगदीच किरकोळ असतो. शिवाय हॉटेलचे पॉइंट मिळतात, जे बाहेरच्या साइटवरून घेतलं की बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत. म्हणून आता माझा हिशोब असा की पाचव्या हिश्शापेक्षा कमी वाचत असेल तर ब्लाइंडच्या वाटेला जायचंच नाही. प्लॅन बदलायचा हक्क विकताय तर त्याचे नीट पैसे घ्या.

मग राग शांत झाल्यावर परत आलोच, कारण काही रात्री अशा असतात की ब्लाइंडला तोड नाही. ऑफिसांच्या भागातली हॉटेलं सोमवार ते गुरुवार भरलेली आणि शनिवार रविवार ओस, तिथे रविवारच्या रात्रीचा भाव बघितला की आपलाच विश्वास बसत नाही. लास वेगासला बरोबर उलटं, शनिवारी हात लावू नका, मंगळवार बुधवार बघा. आणि शहरात मोठं कन्व्हेन्शन किंवा मॅच असेल तर ब्लाइंडमध्येही काही मिळत नाही, रिकाम्या खोल्याच नाहीत तर लपवून विकणार काय. म्हणून तारीख टाकायच्या आधी त्या आठवड्यात शहरात काय आहे ते बघून घेतो.

फीबद्दल आधी माझं डोकं फार फिरायचं. वेगासची रिसॉर्ट फी, न्यूयॉर्कची डेस्टिनेशन फी, हे भाड्यावर सक्तीने लावलेले जास्तीचे पैसे, त्यामुळे स्वस्त खोली पकडल्याचा आनंद शेवटच्या पानावर नाहीतर थेट काउंटरवर उतरायचा. ब्लाइंडमध्ये तर जास्तच, नावच माहीत नाही तर फी कुठून शोधणार. पण अमेरिकेत १२ मे २०२५ पासून फेडरल ट्रेड कमिशनचा, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम लागू झालाय, सक्तीच्या फीसकट पूर्ण किंमत आधीच दाखवावी लागते, सरकारी टॅक्स तेवढे वेगळे दाखवलेले चालतात. तेव्हापासून तुलना करणं खरंच सोपं झालं. पार्किंग मात्र यात येत नाही कारण ते सक्तीचं नाही, आणि डाउनटाउनमध्ये गाडी घेऊन जाणाऱ्याने रात्रीचं पार्किंग धरूनच हिशोब करावा, नाहीतर वाचलेलं सगळं तिथे जातं.

आणखी एक, लोक म्हणतात की २४ तासांत कॅन्सल केलं तर पैसे परत मिळतात. तो अमेरिकेतला विमानाच्या तिकिटांचा नियम आहे, तोही प्रवासाला किमान सात दिवस असतील तरच. हॉटेलला तो लागू नाही. आणि चेक-इनच्या वेळी स्वतःच्या नावाचं कार्ड जवळ ठेवा, खोलीचे पैसे भरलेले असले तरी डिपॉझिटसाठी काही रक्कम अडकवतात, डेबिट कार्ड असेल तर ती सुटायला दिवस लागतात.

शेवटचं बिलाचं. बहुतेक वेळा आपले पैसे साइट घेते आणि हॉटेलला साइट देते, किती देते ते हॉटेल आपल्याला सांगत नाही. त्यामुळे काउंटरवर खोलीच्या भाड्याचं बिल मागितलं तर मिळत नाही, फार तर राहिल्याचा कागद देतात. साइटची पावती ईमेलवर येते पण तिच्यात ‘टॅक्सेस अँड फीज’ असा एकच आकडा, टॅक्स किती आणि साइटची फी किती ते वेगळं नाही. आमच्या अकाउंट्सवाल्यांनी अशी पावती एकदा परत पाठवली, दुसऱ्यांदा पाठवली, मग मीच नाद सोडला आणि ते पैसे खिशातून गेले. तेव्हापासून ऑफिसच्या कामाला नावासकट, बिलासकट, पूर्ण भावाची खोली. ब्लाइंड फक्त स्वतःच्या पैशाने जाताना.